दोनशे बारा माणसांच्या गोळ्या

जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर द्रौपदी निकाळजेला ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. चोवीस वर्षं ती टेकडीच्या पायथ्याच्या सरकारी दवाखान्याची आरोग्य स्वयंसेविका आहे. बाळाला डोस कधी द्यायचा, खोकला किती दिवस झाला की थुंकी तपासायची, कुणाच्या घरात प्रेशरची गोळी आहे आणि कोण ती न घेताच उशाखाली ठेवतं, हे सगळं तिला तोंडपाठ. आणि टेकडीवर तिची आणखी एक ख्याती आहे. सरकारची कुठलीही नवी योजना आली, की बाया आधी तिच्याकडे बघतात. ती नाक मुरडून म्हणते, "घाई नको. मी जाऊन बघते आधी."

तिचा नवरा खंडू गोरेगावला सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करायचा. तो तिला चिडवायचा, "तुला मंत्र्यानं हातात औषध आणून दिलं तरी तू एक्सपायरी बघशील." द्रौपदी म्हणायची, "बघणारच. का नाही बघायची?"

हा संशयी स्वभाव तिने वाशिमहून येताना बरोबर आणला नव्हता. सुरुवातीला ती उलट फार भाबडी होती. कामाला लागून तिसरंच वर्ष होतं. एका संस्थेची फिरती दवाखाना-गाडी सुरू झाली. नारळ फुटला, फोटो निघाले. दर मंगळवारी गाडी टेकडीखाली येणार, गरोदर बायांना तिथंच तपासणार, असं ठरलं. द्रौपदीने घरोघर जाऊन सांगितलं, आता लांब जायला नको, गाडी येतेय. अकरा मंगळवार गाडी आली. बाराव्या मंगळवारी लता नावाची सात महिन्यांची पोटुशी पोरगी सुजलेल्या पायांनी पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला दुपारपर्यंत बसून राहिली. गाडी आली नाही. ती का आली नाही हे कुणी कधी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी लताला झटके आले. लता वाचली, बाळ गेलं.

द्रौपदी तिला भेटायला गेली तेव्हा लता रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होतात ना, येईल म्हणून?"

त्या दिवसापासून द्रौपदीने ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला 'जा' म्हणायचं नाही. मग ती प्रत्येक नव्या गोष्टीला स्वतः पेशंट होऊन जायची. रांगेत उभी राहायची. मोफत तपासणी म्हणजे नेमकं काय तपासतात, रिपोर्ट कधी देतात, खिडकीवरचा माणूस कसा बोलतो, सगळं बघून यायची आणि टेकडीवर येऊन जसंच्या तसं सांगायची. टीव्हीवर आरोग्यव्यवस्थेवर चौघांची चर्चा लागली की ती आवाज बंद करायची. "चौघांपैकी एकाला तरी दवाखान्याची वेळ विचारा," म्हणायची.

हॉस्पिटलात मोफत उपचाराचं सरकारी कार्ड आलं तेव्हाही तिने हेच केलं. यादीतल्या नऊ हॉस्पिटलांच्या खिडक्यांवर ती स्वतः जाऊन आली. चार ठिकाणी कार्ड खरंच चालत होतं. बाकी ठिकाणी कुणी म्हणे मशीन बंद आहे, कुणी म्हणे पुढच्या महिन्यात या. ती वैतागून परत आली आणि नळावर सगळ्यांसमोर बोलून गेली, "काही खरं नाही त्या कार्डाचं."

हे बोलणं तिला महागात पडलं. तिच्या शेजारी धाकू परब राहतो. मूळचा कणकवलीकडचा, गिरणी गेल्यावर अंधेरीत वॉचमनची नोकरी केलेला. एका सकाळी तो दारात छाती धरून बसलेला दिसला.

"काय होतंय धाकूमामा?"

"काय नाय गो. वायच कळ येता हा."

त्याचा घामाने भिजलेला बनियन बघून द्रौपदीने पुढे काही विचारलं नाही. चार पोरं बोलावली, खुर्चीत बसवून त्याला खाली उतरवलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कार्ड विचारलं. धाकूची बायको रत्नप्रभा द्रौपदीकडे बघत म्हणाली, "तूच म्हणालंस ना गो, काय खरां नाय म्हणून? मगे आम्ही काढूकच नाय."

 पुढचे दोन दिवस द्रौपदी रेशनकार्ड, आधार, सही, शिक्का यांच्यामागे धावत होती. कार्ड झालं, धाकूच्या हृदयात जाळी बसली, माणूस घरी आला. रत्नप्रभाने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. पण द्रौपदीने खंडूला सांगितलं, "विश्वास ठेवायला सांगून एकदा चुकले. आता ठेवू नका सांगून चुकले. अर्धं बघून बोलायचं नाही, एवढंच खरं."

त्यानंतर चार महिने ती दारोदार फिरून कार्डं काढून देत होती. कुठल्या चार हॉस्पिटलांत ते चालतं, हेही ती प्रत्येकाला लिहून देई. टेकडीवर जवळजवळ सगळ्यांकडे कार्ड आलं.

आणि मग दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला. नव्या सुधारणेनुसार हा दवाखाना बंद होणार, हायवेच्या पलीकडच्या नव्या मोठ्या आरोग्य केंद्रात विलीन केला जाणार. लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी ठेवली होती.

टेकडी पेटली. शिवदास नावाचा कार्यकर्ता द्रौपदीकडे आला. "ताई, तुम्ही बोललंच पाहिजे. कार्ड म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, सांगा. तुमचं लोक ऐकतात."

"धाकूमामाला विचारून सांगू का?" द्रौपदी म्हणाली. 

तिची मुलगी सपना लॅबमध्ये नोकरी करते. ती घाबरली होती. "आई, तू त्यांच्याच कामावर आहेस. तू विरोधात बोललीस आणि त्यांनी तुला काढलं तर?"

"तर घरी बसेन. प्रेशरवाले काय माझी नोकरी गेली म्हणून गोळ्या सोडणार आहेत? माझ्याकडेच येतील."

सुनावणीचा हॉल खच्चून भरला होता. एका बाजूला सुधारणेचे फलक, दुसऱ्या बाजूला निषेधाचे. दोन्हीकडचे लोक माईक ओढत होते. खात्याच्या अधिकाऱ्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली, नवं केंद्र, एक्स-रे, थंडगार खोल्या. मग ते म्हणाले, "या वस्तीत नव्वद टक्के लोकांकडे उपचाराचं कार्ड आहे. म्हणजे उपचारांची सोय इथे झालेलीच आहे."

द्रौपदी उठली. माईक तिला मिळाला नाही, ती तशीच बोलली. चोवीस वर्षं पायऱ्यांवरून हाका मारणाऱ्या बाईला माईक कशाला लागतोय?

"साहेब, ती कार्डं मी काढून दिलीत. चांगलं आहे कार्ड. आमच्या शेजाऱ्याचा जीव वाचला त्याने."

विरोधकांच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "अहो ताई, कुणाच्या बाजूने बोलताय?"

"गप रे, बोलू दे," म्हणून तिने त्याला बसवलं. "पण साहेब, कार्ड माणूस आडवा पडल्यावर चालतं. तो आडवा पडू नये म्हणून रोजची गोळी लागते, आणि ती या दवाखान्यात मिळते. टेकडीवर दोनशे बारा माणसं प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळीवर आहेत. नावं माझ्याकडे आहेत. गुडघे धरून दवाखान्यापर्यंत येतात. यातली किती जण हायवे ओलांडून जातील?"

"केंद्र फक्त पावणेदोन किलोमीटरवर आहे," अधिकारी म्हणाले.

"नकाशात आहे, साहेब. तुम्ही आमच्या द्वारका आजीला पायऱ्या उतरताना बघितलं नाहीत."

हॉलमध्ये हशा पिकला, पण अधिकाऱ्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "एक महिना प्रयोग करू. गोळ्या फक्त नव्या केंद्रात ठेवू. किती लोक येतात ते बघू आणि मग ठरवू." संध्याकाळी बातम्यांत दोन्ही बाजूंची धक्काबुक्की तेवढी दिसली. द्रौपदी कुठेच नव्हती.

महिना सुरू झाला आणि द्रौपदी पेचात सापडली. पहिल्या आठवड्यातच माणसं गोळ्यांवाचून राहू लागली. द्वारका आजीचं प्रेशर दोनशेच्या घरात गेलं. शिवदास म्हणाला, "ताई, काही करू नका. आकडे पडू देत. आपोआप सिद्ध होईल." गोष्ट सरळ होती. तिने गोळ्या आणून दिल्या, तर प्रयोग यशस्वी दिसणार आणि दवाखाना बंद होणार. नाही आणल्या, तर दवाखाना कदाचित वाचेल, पण तोवर कुणाचं काय होईल?

तिने एक रात्रही विचारात घालवली नाही. "माणसं काय पुरावा म्हणून ठेवायची?" असं शिवदासला सुनावून ती दुसऱ्या दिवशी केसपेपरांचा गठ्ठा घेऊन हायवेपलीकडे गेली. मग रोज जात राहिली. सोबतीला लता यायची. तिला पुढे मुलगी झाली होती, ती आता कॉलेजात होती. द्रौपदीने तिला बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन पिशवी घेऊन आली.

महिन्याअखेर केंद्राच्या नोंदीत झकास आकडा आला. दोनशे बारापैकी दोनशे नऊ जणांना गोळ्या मिळालेल्या. अधिकारी खूश होऊन बैठकीला बसले, तेव्हा द्रौपदीने आपला कागद पुढे ठेवला. स्वतः आलेले एकसष्ट. उरलेल्या एकशे अठ्ठेचाळीस जणांसमोर 'गोळ्या कुणी नेल्या' या रकान्यात एकच नाव होतं, तारीखवार.

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "हे सगळं तुम्ही नेलंत?"

"मी आणि लताने. आमचे गुडघे आहेत तोवर चालेल. तुमच्या सुधारणेत आमचे गुडघे धरलेत का, तेवढं सांगा."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या आणल्याच नसत्या, तर तुमची बाजू भक्कम झाली असती. कळलं नव्हतं का तुम्हाला?"

"कळलं होतं," द्रौपदी म्हणाली.

दवाखाना पुरता वाचला नाही. आता तो सोमवार, बुधवार, शुक्रवार उघडतो. डॉक्टर एकच, एक्स-रेसाठी पलीकडेच जावं लागतं. परवानगीशिवाय केसपेपर नेले म्हणून द्रौपदीला खुलासा मागणारं पत्र आलं. तिने सपनाकडून उत्तर लिहून घेतलं, पुढे काही झालं नाही. शिवदास अजून म्हणतो, ताईंनी तेव्हा महिनाभर कळ काढली असती तर आज सहाही दिवस दवाखाना चालला असता. द्रौपदी त्याच्याशी वाद घालत नाही. "असेलही," म्हणते.

मधे टेकडीवरच्या मंडळाने तिचा सत्कार करायचं ठरवलं. शाल आणली, बॅनर छापायला टाकलं, दिवस धरला बुधवार सकाळ. द्रौपदीने निरोप पाठवला, बुधवारी जमणार नाही, दवाखाना उघडा असतो. मग कार्यकर्ते शाल घेऊन तिथेच आले. ती आत द्वारका आजीच्या दंडाला पट्टा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा जरा. आणि बोलू नका, पारा चढतो आजीचा."

शाल घेऊन आलेली सात माणसं बाकावर ओळीने गप्प बसून राहिली.