मालाकी टूहीचा पहारा

मालाकी टूही पहारेकरी झाला तो कोळसा आणायला गेल्यामुळे. आयर्लंडातल्या कारामोर गावच्या गेलिक, म्हणजे अस्सल आयरिश, फुटबॉल क्लबची वार्षिक सभा चालली होती, शेकोटी विझत आली होती, आणि जमलेल्यांत सगळ्यात भिडस्त तोच, म्हणून बादली घेऊन तो उठला. परत येतो तो टाळ्या. भिडस्त माणसाने सभेतून कधी उठू नये. बादलीभर कोळशाच्या मोबदल्यात वीस-बावीस वर्षं जातात.

काम सांगायला सोपं होतं. हाताने उचलता येतो तो आपला चेंडू आणि हात लागला की शिट्टी वाजते तो इंग्रजांचा, एवढा फरक कारामोरमधल्या मांजरांनाही ठाऊक होता. गेलिक संघाच्या सभासदाने इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत आणि बघायचेही नाहीत, असा नियम होता. सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी, सगळं वर्ज्य. खुद्द इंग्रज जाऊन तेव्हा जमाना लोटला होता. जाताना ते टपालाच्या पेट्या ठेवून गेले. त्या लाल होत्या. आपण त्यांना हिरवा रंग फासला आणि त्या आयरिश झाल्या, राजाच्या नावाची अक्षरं मात्र रंगाखाली अजून बोटाला लागतात. चेंडूला रंग फासून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून नियम. अर्धं कारामोर इंग्लंडात जाऊन इंग्रजांची घरं बांधत होतं, मालाकीचा थोरला मुलगा कॉव्हेन्ट्रीत इंग्रजांच्या मोटारी जोडत होता, त्या सगळ्याला नियमाची काही हरकत नव्हती. फक्त रविवारी दुपारी चेंडूकडे बघायचं नाही.

आता कोण बघतंय हे कळायचं तर कुणीतरी तिथं जायला हवं. तो पहारेकरी. म्हणजे सबंध क्लबात सॉकर बघण्याची उघड मुभा असलेला एकटा माणूस सॉकरचा सगळ्यात मोठा शत्रू असायचा. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

पहिल्या वर्षी मालाकीने मैदानाकडे पाठ करून गर्दीची तोंडं बघितली. दुसऱ्या वर्षी एक डोळा वळला. तिसऱ्या वर्षी गावातल्या सॉकर संघाच्या, कारामोर युनायटेडच्या, डाव्या बाजूच्या एका लंगड्या दिसणाऱ्या पोराने तीन जणांना चकवून चेंडू जाळ्यात घातला, आणि घोड्यांची खोगिरं शिवून वाकलेला, बाप इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेला, रोज रात्री आयरिशमध्ये जपमाळ ओढणारा मालाकी टूही नकळत टाचा उचलून उभा राहिला. घरी आल्यावर शेकोटीच्या वर टांगलेल्या बापाच्या फोटोकडे त्याने बघितलं नाही. बायको डेलियाने बटाटे वाढता वाढता विचारलं, कोण दिसलं. तो म्हणाला, कुणी नाही. ती म्हणाली, मग तोंड असं का, चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेतलेल्या पोरासारखं?

त्याने एक पद्धत पाडून घेतली. दर रविवारी तोच एक पिवळट रेनकोट घालायचा, जो दोन शेतांवरूनही दिसे, आणि रेल्वेच्या बाजूच्या गोलामागे उभं राहायचं. ज्यांना दिसायचं नव्हतं ते दुसऱ्या टोकाला जात. त्यांच्या माना कॉलरमध्ये, टोप्या नाकावर. क्लबचा खजिनदार तर एकदा मेहुणीचा रुमाल डोक्याला बांधून आला होता आणि त्याला दोन जणांनी बसायला जागा दिली. मालाकीची नजर अधू नव्हती. पण तो आपल्या टोकाला, ते त्यांच्या टोकाला, मधे चेंडू. सोमवारी क्लबचे चिटणीस हेशन मास्तर मालाकीच्या खोगिरांच्या दुकानात येऊन विचारत, काल कोण होतं. मालाकी सांगे, पाऊस होता मास्तर, सगळ्या छत्र्याच होत्या. मग मास्तर सहज विचारल्यासारखं विचारत की निकाल काय लागला, आणि मालाकी सहज सांगितल्यासारखं पाऊण तास सांगे.

असं सुखाने चाललं असतं. पण अठ्ठावन्न साली गेलिक फुटबॉलमध्ये कारामोर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फायनलला पोहोचलं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असा दिवस पाहिला नव्हता. पोहोचलं ते फिंटन रॅफ्टरीमुळे. बावीस वर्षांचा पोर, दुधाच्या डेअरीत कामाला. चेंडू हवेत त्याच्याकडे जायचा तो घरी निघाल्यासारखा. फायनलच्या आदल्या रविवारी युनायटेडचा सामना होता आणि गोलात फिंटनचा मावसभाऊ होता. फिंटन बघायला आला, इथवर ठीक. पण तो दुसऱ्या टोकाला गेला नाही. टोपी नाही, कॉलर नाही. सरळ चालत रेल्वेच्या बाजूला आला आणि पिवळ्या रेनकोटाशेजारी उभा राहिला.

“काय मालाकी, इथून नीट दिसतं का?” तो म्हणाला.

मालाकी पुटपुटला, की बाळा, तिकडे जा, तिकडून जास्त चांगलं दिसतं.

“लपून बघायला मी काय कोंबड्या चोरल्यात?” फिंटन म्हणाला. आणि अख्खा सामना तिथेच उभा राहिला, वर मालाकीला शेंगदाणेही दिले. मालाकीने ते खाल्ले.

मागे दोनशे माणसं होती. संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये देवाखालोखाल तोच विषय होता. सोमवारी हेशन मास्तर आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मालाकीने छत्र्यांचं काहीतरी सांगावं अशी आस त्यांच्या तोंडावर उघडी दिसत होती. फायनल त्यांनाही हवी होती. मालाकीला वाटलं, छत्री म्हणावं. मग बापाचा फोटो आठवला, दोनशे तोंडं आठवली, आणि त्याने सुई खाली ठेवून नाव सांगितलं. मास्तर म्हणाले, असं होय. आणि निकाल न विचारता गेले.

फिंटनला बंदी लागली. कारामोर एका गुणाने हरलं. पुढे कधी फायनलला गेलंच नाही.

त्यानंतर कुणी मालाकीला काही बोललं नाही. तेच कठीण. नियम पाळला म्हणून शिव्या देता येत नव्हत्या आणि फायनल घालवली म्हणून माफ करता येत नव्हतं, तेव्हा लोक हवामानाबद्दल बोलत. पबमध्ये तो बसला की शेजारचं स्टूल रिकामं राही. फिंटन तर हवामानाचंही बोलेना. त्याने पुन्हा खेळायचे बूट घातले नाहीत, लग्न केलं, डेअरीत मुकादम झाला, आणि रस्त्यात मालाकी दिसला की टपालपेटीकडे बघावं तसं बघून पुढे जाई. मालाकी दरवर्षी सभेत सांगे, मला आता मोकळं करा. दरवर्षी लोक म्हणत, तुझ्यासारखा दुसरा मिळणार कुठे? डेलिया म्हणायची, पुढच्या वेळी कोळसा आणायला मला पाठव. आणि खरं सांगायचं तर मोकळं होण्याचीही त्याला धास्ती होती. पहारा सुटला तर तोही साधा सभासद, मग रविवारी दुपारी जायचं कुठे? ट्रॅक्टर आल्यापासून खोगिरं कुणाला नको होती. आठवड्यात सरळ उभं राहण्यासारखा तो एकच दिवस उरला होता.

सत्तरच्या हिवाळ्यात वरून, देशभरच्या संघटनेकडून, विचारणा आली: नियम ठेवायचा की काढायचा, प्रत्येक क्लबने मत द्यावं. खोली भरली. फिंटनही आला, भिंतीला टेकून उभा राहिला. तासभर हुतात्मे झाले, भाषा झाली, टेलिव्हिजन झाला. घरात बसून पडद्यावर बघितलं तर पाप लागतं का, यावर खजिनदार फार पोटतिडकीने बोलला. मग हेशन मास्तर म्हणाले की ज्याने इतकी वर्षं नियम खांद्यावर वाहिला त्याने दोन शब्द सांगावेत.

मालाकी उठला. नियम काढा म्हणावं, तर फिंटनची फायनल कशासाठी घालवली? ठेवा म्हणावं, तर तो पिवळा रेनकोट मरेपर्यंत. त्याने भिंतीकडे बघितलं. फिंटन शेकोटीकडे बघत होता.

“माझे पाय दुखतात,” मालाकी म्हणाला. “आणि त्या पोराने काही चोरलं नव्हतं. काढा.”

तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मोजले तेव्हा काढणारे जास्त निघाले. पुढे ईस्टरला बेलफास्टला मोठी सभा भरली आणि साऱ्या देशाचा नियम असा सहज निघाला, की जणू सगळे कोळसा आणायलाच गेले होते.

हंगाम संपता संपता युनायटेडचा एक सामना उरला होता. मालाकीने स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं. दुसरा कोट नव्हता म्हणून पिवळाच घातला, आणि पाय आपोआप रेल्वेच्या बाजूला गेले. तो दिसताच पलीकडच्या टोकाला शे-दीडशे कॉलर वर झाल्या. नियम गेल्याचं माणसांना कळलं होतं, मानांना अजून कळायचं होतं. मालाकीभोवती नेहमीसारखी चार हात मोकळी जागा राहिली. या जागेचं आता काय करायचं, असा विचार करत तो त्यात एकटाच उभा राहिला.

सामना भिकार होता. चिखलात बावीस माणसं एकमेकांच्या नडग्या शोधत होती. मध्यंतराच्या थोडं आधी कुणीतरी मोकळ्या जागेत येऊन उभं राहिलं. मालाकीने मान वळवली नाही. शेजारून शेंगदाण्याची टरफलं फुटल्याचा आवाज आला.

“काय मालाकी, नीट दिसतंय का?”

“दिसतंय,” मालाकी म्हणाला.

चेंडू उडून रेल्वेच्या रुळांवर गेला. गोलकीपर कुंपण ओलांडून तो आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. फिंटनचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. तो रिकाम्या गोलाकडे बघत राहिला.

“हे?” तो म्हणाला. “हे बघितलं म्हणून माझी फायनल गेली?”

मालाकीने फार विचार केला.

“त्या दिवशी बरा झाला होता सामना,” तो म्हणाला.

फिंटन हसला नाही. शेंगदाण्याची पिशवी मात्र त्याने मधल्या कठड्यावर ठेवली, दोघांचा हात पोहोचेल अशी. मध्यंतराची शिट्टी वाजेपर्यंत थांबला आणि मग, डेअरीत गायींचं दूध यायची वेळ झाली म्हणून निघून गेला. पिशवी राहिली. मालाकी दुसरा अर्धाही बघायला उभा राहिला, पाय दुखत होते तरी.