चिंचेनं धुतलेलं नाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मला चहातली जास्तीची साखरही कधी लपवता आली नाही. तुम्ही ऐकून हसाल. हसा. मलाही हसू येतं, मग लाज वाटते.

आणे जाऊन नवे पैसे येऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी लोणावळ्यात मास्तर होतो आणि मला नाण्यांचा नाद होता. वहीत खिडक्या कापून नाणी बसवायची, खाली बारीक अक्षरात माहिती लिहायची. मावळात असा दुसरा नादिष्ट एकच — बेडशाचे सोपानभाऊ. कामशेतहून गाडीनं येऊन ते बंगल्यांना दूध घालायचे. रविवारी किटल्या रिकाम्या झाल्या की माझ्या ओट्यावर बसायचे. त्यांची नाणी तंबाखूच्या डबीत असायची. वाकडं छापलेलं काही मिळालं की आधी मला दाखवायचे — एवढा सरळ माणूस.

एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना एक नाणं दिलं. दहा नव्या पैशांचं, तसंच कंगोरेदार, पण तांब्याचं. बाजारात आलं ते पांढऱ्या धातूचं. हे त्याआधी टांकसाळीत नुसतं चाचणीसाठी पाडलेलं. तळहातावर घेतलं तेव्हा मला आनंद झाला — झालाच, खोटं कशाला बोलू? आणि पोटातही दुखलं.

पुण्याला एक जाणकार होते, नाण्यांवर लिहायचे. माझ्या वह्या बघायला या, म्हणून चार वर्षं मी त्यांना पत्रं घालत होतो. या नाण्याचं मीच हौसेनं कळवलं, तर ते पुढच्याच रविवारी यायला निघाले! नाणं अस्सल ठरलं तर सोपानभाऊंच्या नावानिशी छापणार होते. सोपानभाऊंनी त्यासाठी नवा फेटा घेतला. चार वर्षं, बरं का — आणि माझ्या वह्यांसाठी एकदाही नाही!

शनिवारी ते मुद्दाम विचारायला आले. "लय काळं पडलंय, मास्तर. पाव्हण्यांम्होरं असंच ठिवू?"

आता सांगतोच. जुनं नाणं कधी घासायचं नसतं. घासलं की त्याचं सगळं मोल गेलं. हे मी पुस्तकांत वाचलं होतं, त्यांनी वाचलं नव्हतं. मी म्हणालो, "चिंच लावा. वर थोडी राख." राखेची तर काही गरजही नव्हती.

रविवारी नाणं देवघरातल्या तांब्यासारखं लखलखत होतं. पाहुण्यांनी भिंग लावलं, खाली ठेवलं.

"आता यावर काय लिहिणार? कोणी घासलं हे?"

मी माझ्या वह्या नीट रचत राहिलो. सोपानभाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"म्याच," ते म्हणाले. "मला चमक आवडती."

मग पाहुण्यांनी दोन तास माझ्या वह्या पाहिल्या. पुढं माझं नाव छापूनही आलं. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

सोपानभाऊ पुढच्या रविवारी नेहमीसारखे आले. त्यानंतर त्यांनी मला सगळं विचारलं — मुलीचं स्थळ, जमिनीचे कागद, गुडघ्याचं औषध. नाण्यांचं मात्र कधीच काही विचारलं नाही. त्या नाण्याला भोक पाडून त्यांनी ते वासराच्या गळ्यात बांधलं. मी बेडशाला गेलो की ते वासरू नेमकं माझ्याकडेच पळत यायचं.

"वळखतंय तुमास्नी, मास्तर," सोपानभाऊ खळखळून हसायचे.

मीही हसायचो. राख मीच सांगितली होती.