तोकिएबाईंची निकोइची

तोकिए ओकुनो चिडल्या की गप्प होतात. ओसाकात भाजीवालासुद्धा सुट्टे परत देताना एखादा विनोद केल्याशिवाय हात मोकळा करत नाही. अशा शहरात गप्प बसलेली बाई म्हणजे धोक्याची घंटा. त्या गुरुवारी त्या पावणेबारा ते साडेतीन गप्प होत्या. गल्लीतल्या मांजरांनीही वाट बदलली.

कारण सांगते, पण आधी बाई.

वय सदुसष्ट, केस जांभळट रंगवलेले, उजव्या अंगठ्यावर जुन्या चटक्यांचे पांढरे ठिपके. तीस वर्षं एका छोट्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. निवृत्त झाल्या तेव्हा मालकाने घड्याळ दिलं. बाईंनी ते घरी आणून उघडलं, आतलं एक टाक्याचं काम पसंत पडलं नाही म्हणून स्वतः पुन्हा केलं, आणि मगच भिंतीवर लावलं.

मी त्यांच्या समोरच राहते. त्यांची खिडकी आणि माझी खिडकी यांच्यामध्ये एक सायकल जाते, दुसरी थांबते.

आमच्या गल्लीचं पत्रक तोकिएबाई काढतात. महिन्यातून दोनदा एका पाटीला कागद अडकवून ते घरोघर फिरतं. वाचायचं, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा, शेजारच्या दारात टेकवायचं. कचरा कधी, नाल्याची सफाई कधी, कोणाची मांजर हरवली, सगळं त्यात. बाईंच्या पत्रकाची खुबी अशी की एकेचाळीस घरांना एकेचाळीस चित्रं आहेत. नाव लिहायचं नाही, चित्र काढायचं. शिंप्याकडे कात्री, दंतवैद्याकडे गाजर कुरतडणारा घोडा, माझ्याकडे उलटी छत्री, कारण मी आले त्याच दिवशी वाऱ्याने माझी छत्री उलटी केली होती. ही चित्रं बाईंनी एकेक ठिपका जोडून आपल्या संगणकावर काढली. पडदा, मेंदू, आवाज, सगळं एकाच खोक्यात असलेला, पावाच्या लादीएवढा, तीस वर्षांपूर्वीचा तो संगणक.

जूनमध्ये तो बंद पडला.

गल्लीच्या बैठकीत आमचे अध्यक्ष कितादानी-सान, पोटापाण्यासाठी विमा विकणारे गृहस्थ, घसा खाकरून म्हणाले, "तोकिए-सान, तीस वर्षं झाली त्या डब्याला. माझ्या मुलाचं लग्नसुद्धा एवढं टिकलं नाही."

"तुमच्या मुलाने वेळच्या वेळी धूळ पुसली नसेल."

लोक हसले. कितादानी-सानही हसले, पण मुद्दा सोडणारा माणूस विमा विकू शकत नाही. "जिझोदेवाच्या सणाचं पत्रक थांबवता यायचं नाही. पोरांचे कंदील, प्रसाद, सगळं त्यात. माझा लॅपटॉप आहे. त्यावर काढू."

"आणि चित्रं?"

"चित्रं तयार मिळतात हो. ससे, फुलं, हसरा सूर्य..."

"मासुएच्या घराला हसरा सूर्य?"

मासुए तात्सुमी तोकिएबाईंच्या शेजारीच बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं उदोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं, दुकान होतं, चार वर्षांपूर्वी बंद केलं. पत्रकात त्यांचं चित्र म्हणजे वाफाळता उदोनचा वाडगा. त्या म्हणाल्या, "मला सूर्य नको. माझ्या घरात दुपारी बारालाही दिवा लावते मी."

"जुनी चित्रं नव्या यंत्रात जातात का, बघितलं मी," तोकिएबाई म्हणाल्या. "नुसते काळे ठिपके दिसतात. घोडा कुठला, कात्री कुठली, काही कळत नाही."

शेवटी ठरलं. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारच्या बैठकीत संगणक सगळ्यांसमोर चालू झाला तर पत्रक तोकिएबाईंचं. नाहीतर लॅपटॉप, ससे आणि सूर्य.

बाई दुसऱ्याच दिवशी निप्पोनबाशीला, यंत्रांच्या बाजारात, गेल्या. तिथे एका मागच्या गल्लीत मुरोई नावाच्या माणसाचं भंगार यंत्रांचं दुकान आहे. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये संगणकांची आतडी भरलेली असतात.

मुरोई वर न बघता म्हणाला, "परत घेत नाही. चालेल म्हणत नाही. प्रश्न विचारायचे नाहीत."

"मग तू दुकान कशाला उघडतोस? घरी झोप ना."

त्याने वर बघितलं. "ओबाचान, काय करताय?"

"निकोइची."

मग त्याने स्टूल पुढे केलं. दोन मोडकी यंत्रं घ्यायची, चांगला भाग ह्याचा, चांगला भाग त्याचा, आणि एक चालतं करायचं, ती निकोइची. या धंद्यातल्या माणसाला हा शब्द म्हणजे ओळखपत्र. बाईंची मात्र दोनांवर भागली नाही. मुख्य पाटी त्याच घराण्यातल्या धाकट्या भावंडाची मिळाली, मागच्या खाचेतून सरळ आत सरकणारी. जुन्या पाटीवरचे वीज साठवणारे छोटे डबे फुटून त्यांचं पाणी पाटीला खाऊन गेलं होतं. पडद्याची काचेची नळी मंद झालेली, म्हणून बंद पडलेल्या एका पुस्तकांच्या दुकानाच्या गल्ल्यावरचा सपाट पडदा घेतला. वीज देणारा भाग एका कचेरीतल्या संगणकाचा. जुनी डिस्क तेवढी शाबूत होती. चित्रं तिच्यातच होती.

"चारांचा एक झाला की हो," मी म्हणाले.

"उदोनमध्ये काय एकच वस्तू असते?" बाई म्हणाल्या आणि तापलेली सळई तारेला टेकवली.

बैठकीच्या रविवारआधीच्या बुधवारी यंत्र टेबलावर उघडंनागडं चालू झालं. बाईंनी मला आणि मासुएबाईंना बोलावलं. पडद्यावर उदोनचा वाडगा आला.

मासुएबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "शेवया कमी काढल्यास."

"तेव्हा तू कमीच घालायचीस."

आता राहिलं होतं खोकं. पिवळं पडलेलं, वापरून वापरून चहाच्या रंगाचं. रविवारी चारांचा एक संगणक मूळच्या अंगरख्यात, अगदी नव्यासारखा पांढरा करून मांडायचा, हा बाईंचा हट्ट. त्यासाठी इथले शौकीन केस उजळायचं मलम वापरतात. खोक्याला मलम चोपडायचं, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकने गच्च गुंडाळायचं, आणि उन्हात ठेवायचं. आमच्या गल्लीत ऊन येतं ते सकाळी नऊ ते अकरा, आणि तेही एकाच जागी, कोपऱ्यावर पोरांची राखण करणाऱ्या जिझोच्या देवळीपाशी. त्याच कोपऱ्यावर कचरा ठेवायची जागा आहे. गुरुवारी सकाळी बाईंनी तिथे एक लाकडी स्टूल ठेवलं, त्यावर गुंडाळलेलं खोकं, आणि यंत्रात बसवायचा छोटा पंखा आणायला मुरोईकडे गेल्या.

पावणेबाराला परत आल्या. कोपऱ्यावर ना खोकं, ना स्टूल. धावत घरी आल्या, तर स्टूल त्यांच्या दारात. धुतलेलं. पुसलेलं. पाय एका रेषेत.

आणि मासुएबाई दारातून हसत, "आलीस? अगं, गाडी येऊन गेली. तू चिठ्ठी चिकटवायला विसरली होतीस."

"कसली चिठ्ठी?"

"मोठ्या कचऱ्याची. आज माझी वेळ घेतलेली होती ना, कपाट, पंखा आणि गादी. गादीबद्दल मन बदललं माझं, तर पैसे भरलेली एक चिठ्ठी उरली. म्हटलं, तोकिएचं बिचारीचं चिठ्ठीशिवाय पडलंय, गाडीवाले सोडून जातील, आणि कितादानी-सान पत्रकात ओरडतील. तर मी लावून टाकली."

तोकिएबाईंनी स्टूल उचलून खालून बघितलं.

"किती नीट गुंडाळलं होतंस गं! कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. गाडीवाला पोरगा म्हणालासुद्धा, आजी, असा कचरा टाकणारे लोक राहिले नाहीत."

आणि बाई गप्प झाल्या.

पावणेचार तास. मासुएबाईंना पहिल्या तासात काही कळलं नाही, दुसऱ्या तासात मी जाऊन सांगितलं. त्यांनी मिठाईच्या दुकानातून वागाशीचा डबा आणला, कागदी फित बांधून घेतली, आणि दारात गुडघे टेकले. "तोकिए, शिव्या दे मला."

मासुएबाईंनी डबा दाराशी सरकवला.

"बरं, निदान मिठाई तरी घे. लाल वाटाण्याची आहे."

दार उघडलं. मिठाई आत गेली. दार बंद झालं.

साडेतीन वाजता आतून आवाज आला, "शिव्या कशा देणार? चिठ्ठी तू लावलीस, स्टूल तू धुतलंस. कुठल्या तोंडाने?" आणि मग, "वाटाणा जरा जास्त गोड आहे."

गप्पपणा संपला होता, पण खोकं नव्हतं. गाडी ज्या केंद्रावर गेली तिथे बाईंनी फोन केला. पलीकडच्या माणसाने फार आदराने सांगितलं की ते आता चुरा झालेलं असेल. मुरोईकडे तसलं दुसरं खोकं नव्हतं. रविवारला तीन दिवस. "उघड्या तारा टेबलावर मांडून गल्लीसमोर बसू का मी? लहान पोरं येतात बैठकीला. कितादानी-सान तारेला हात लावून दाखवतील आणि लगेच विमा विकतील."

शुक्रवारी सकाळी मासुएबाई पुन्हा आल्या. हातात ओकामोची. पूर्वी उदोन घरोघर पोचवायला सायकलवर लटकवायचे तो अॅल्युमिनियमचा उभा डबा. आत फळ्या, समोर वर सरकणारं झाकण. झाकणावर लाल अक्षरांत दुकानाचं नाव, अर्धं झिजलेलं. दुकान विकलं तेव्हा मासुएबाईंनी भांडी दिली, टेबलं दिली, ही एवढी स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवली होती. मी एकदा नुसती पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला होता त्यांनी.

"हिच्यात बसेल?"

तोकिएबाईंनी आधी डबा बघितला, मग मासुएबाईंना. झाकण वर सरकवलं, खाली सोडलं. खटक. "बसेल. पण मासुए, हवा जायला भोकं पाडावी लागतील. मागे, आणि वर."

"पाड."

"झाकणाचा खालचा भाग कापावा लागेल, कीबोर्डच्या तारेला."

"काप म्हटलं ना."

"एकदा कापलं की ही पुन्हा उदोन नेणार नाही."

"एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्याने मीही नेणार नाही. ड्रिल कुठाय तुझं?"

तोकिएबाईंनी ड्रिल सुरू केलं. पहिल्या भोकाला मासुएबाईंनी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. पाचव्याला म्हणाल्या, "सरळ पाड गं, तिरकं जातंय." धातूला तारा लागू नयेत म्हणून तळाला भाजी कापायचा जुना प्लास्टिकचा पाट बसवला, तोही मासुएबाईंचाच. वाडग्यांच्या तीन फळ्या होत्याच. खाली वीज, मधे पाटी, वर डिस्क. पुढे गल्ल्याचा पडदा. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी मूळ खोकं आखलं त्याला इतकी सोय सुचली नव्हती.

रविवारी सभागृहात बाई ओकामोची घेऊन शिरल्या तेव्हा दंतवैद्य सवयीने म्हणाले, "माझ्यात कांद्याची पात जास्त."

कितादानी-सान डब्याभोवती एक चक्कर मारून आले. "तोकिए-सान, हा संगणक आहे की दुपारचं जेवण?"

"झाकण तुम्हीच उघडा."

त्यांनी झाकण वर सरकवलं. बाईंनी बटण दाबलं. आतून जुन्या यंत्राचा सुरू होतानाचा तो एकच स्वर आला, मोठा, गोल, सभागृहाच्या छतापर्यंत. आणि मग काही नाही. पडदा काळा. पाच सेकंद, दहा सेकंद. कोणीतरी पंखा हलवायचं थांबलं. मासुएबाईंनी माझा दंड धरला, अजून वळ आहे.

"म्हातारी माणसं उठताना वेळ घेतात," तोकिएबाई म्हणाल्या, पण त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता.

पडदा उजळला. कात्री, घोडा, उलटी छत्री, एकेचाळीस घरं एकामागून एक उतरली. टाळ्या सगळ्यात आधी कितादानी-सानांनी वाजवल्या, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. लॅपटॉप त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. फक्त विचारलं, "माझं चित्र नक्की कशाचं हो? इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं."

"छत्री विकणारा बेडूक."

"बेडूक का?"

"बोलण्याआधी घसा फुगवता."

जिझोच्या सणाचं पत्रक मंगळवारी निघालं. कंदील, प्रसाद, पोरांचे खेळ, आणि तळाशी एक नवी सूचना: कोपऱ्यावर गुंडाळलेली वस्तू दिसली, तर ती कितीही नीट गुंडाळलेली असली तरी, चिठ्ठी लावण्याआधी दार वाजवून विचारावे. सूचनेशेजारी उदोनचा वाडगा.

पाटी मासुएबाईंकडे आली तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी वाचलं आणि खिडकीतून ओरडल्या, "तोकिए! हे माझ्याबद्दल आहे!"

समोरून आवाज, "नाव लिहिलंय का कुठे?"

"वाडगा आहे ना!"

"नीट बघ तरी."

मासुएबाईंनी चष्मा लावला, कागद नाकाशी धरला. मग शिक्का घेतला, चौकटीत मारला, आणि पाटी माझ्या हातात दिली. वाडग्यात शेवया वाढवल्या होत्या. मोजून आठ ठिपके.