मामंजींची धामण

लग्न होऊन मी रत्नागिरीकडून धाड या गावी आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच एक झाला होता. माझी आणि सासरची बोली मात्र अजून एक व्हायची होती. शाळा चौथीतच सुटलेली. मी तोंड उघडलं की जावा हसायच्या. "तिची बोली तिले राहू द्या," एवढंच एकदा मामंजी, म्हणजे माझे सासरे, बोलले आणि हसणं थांबलं. बाजाराला गेले की माझ्यासाठी आठवणीनं नारळ आणायचे. अशा माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. म्हणून तर धामण माझ्या गळ्यात पडली.

बियाण्याच्या खोलीत उंदीर फार, म्हणून त्यांनी ती मळ्यातून धरून आणली होती. विषारी नव्हे, पण माझ्याहून लांब. पुढे तिच्यावर त्यांचा जीव बसला आणि ती टोपल्यातच राहायला लागली. श्रावणात मेहकरला लेकीकडे निघाले तेव्हा म्हणाले, "आठ दिस तू पाह्यजो, बाई. टोपल्यात ओलं पोतं ठेवजो. दोन दिसाआड बेडूक देजो. गोचीड दिसला तं चिमट्यानं काढजो. आन दूध नोको, कोनी काही म्हनो."

खवल्यांतले तीन गोचीड मी काढले. पाटाच्या चिखलात बसून बेडूक धरले. पहिला तिनं घेतला. मग नागपंचमी आली. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि मी बेडूक धरून उभी.

"आजच्या दिशी जीव मारतं काऊन वो?" सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठे मारते? तीच खाते."

"तोंड पाहा हिचं."

बेडूक टोपल्यात सोडून मी विहिरीवर गेले तेवढ्यात गल्लीतल्या बायांनी हळदकुंकू वाहून टोपल्यात दूध ओतलं. धामण ते प्याली नाही, मुंग्या प्याल्या. बेडूक दिवसभर तिच्या पाठीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर डोळे निळसर, दुधाळ.

"आंधळी झाली," सासूबाई म्हणाल्या. "पंचमीले बेडूक दाखवला तुनं."

माझी झोप उडाली. ओलीनंच डोळे गेले असं मी धरून चालले. आंबलेलं पोतं धुऊन वाळत घातलं, टोपलं उन्हात तापवलं, तिला कोरडी ठणठणीत ठेवली. तर कातडी तुकड्यातुकड्यांनी सुटायला लागली आणि एक डोळा तसाच राहिला.

मामंजी आले. मी सगळं एका दमात सांगितलं.

"कायची आंधळी? कात टाकून राह्यली ते. त्याच्या आधी डोळे असेच होतात, खात बी नाही. पोतं कुठी हाय?"

"वाळत घातलंय."

"त्याच्यासाठीच तं ओल पाह्यजे होती," ते हळूच म्हणाले.

हे जाताना सांगायला काय झालं होतं? पण मी उठून पोतं घेऊन आले.

दुपारभर तिला ओल्या पोत्यात ठेवली. मग मी मान धरली, त्यांनी ओलं फडकं डोळ्यावरून हळूहळू फिरवलं. कांद्याचा पापुद्रा निघावा तशी साल सुटली. माझी पकड सैल झाली आणि ती वळून माझ्या अंगठ्याला चावली.

मामंजींनी हळद आणली. "चावली ना? म्हंजे दिसते तिले," म्हणाले.

संध्याकाळी तिनं बेडूक घेतला. मामंजींनी पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढे ठेवला. "मंगळवारी मले पुन्हा मेहकरले जा लागते. आता तं तुले जमते."

मी नारळ उचलला आणि पोतं भिजवायला गेले.