बिस्किटच्या पानात काय वाढावं?

नलूकाकूंच्या घरातून उपाशीपोटी कुणीही सुटायचं नाही. इकडे परदेशात, फ्रीमाँटमध्ये, आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे त्यांचा आग्रह मला रोज घरबसल्या ऐकू यायचा. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी थालीपीठ खायला घातलं. तो बिचारा "नो, नो, मॅम" म्हणतोय, आणि या "नो नो काय, येस येस" म्हणत त्यावर लोण्याचा गोळा ठेवताहेत! "पोट नाही म्हणत नाही गं, तोंड नाही म्हणतं. तोंडाचं काय ऐकायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी डाएटवर असले की चोरासारखी मागच्या दाराने घरात शिरायचे. आता काकू सांगलीला परत गेल्यात, माझं वजन उतरलंय, आणि मला त्याचा मुळीच आनंद झालेला नाही.

तर अशा या काकूंच्या गळ्यात एके दिवशी अजगर पडला. म्हणजे जबाबदारी पडली. नात इशा लांब ॲन आर्बरला कॉलेजला निघाली आणि तिथल्या हॉस्टेलवर साप चालत नव्हता. मग तिचा लाडका अजगर, नाव बिस्किट, काचेच्या पेटीसकट आजीच्या ताब्यात आला. काकू चातुर्मासात कांद्यालासुद्धा शिवायच्या नाहीत. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचा धर्म त्याला, माझा मला. माझ्या घरात आहे ना? मग तो उपाशी राहणार नाही."

इशाने गराजमधल्या फ्रीझरात गोठवलेले उंदीर ठेवले होते. ते बघून काकूंनी कपाळाला हात लावला. "एवढुस्से? पोरगी हुशार आहे, पण वाढायला हात आखडता." लगेच मला ड्राइव्ह करायला लावून आमची वरात पेट शॉपमध्ये. मला साप आणि उंदीर या दोघांचीही सारखीच भीती. मी लांबून, एक डोळा मिटून बघत होते. काकू फ्रीझरमधली पाकिटं वांगी निवडावीत तशी उलटीपालटी करत होत्या. शेवटी त्यांनी जो उंदीर निवडला, तो उंदीर कसला, घूसच होती ती. "पाहुण्याच्या पानात कुणी लहान वाढतं का?" त्यांनी मलाच विचारलं.

बिस्किटने त्या घुशीकडे पाहिलं, डोकं वेटोळ्यात खुपसलं आणि संप पुकारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी घूस, गरम पाण्यात पिशवी ठेवून ऊबदार केलेली. फुलक्यांसाठी आणलेल्या कोऱ्या चिमट्यात ती धरून काकू पेटीपाशी ओणव्या. "एकच घास. माझ्यासाठी. बरं, इशासाठी तरी." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "अरे, तू बघ तरी! मीठ नाही म्हणून का?" रोज नवी घूस, रोज तोच आग्रह. बिस्किट काही बधेना. आठवडे गेले, त्याची कातडी सैल दिसायला लागली.

शेवटी सून मेधा, म्हणजे इशाची आई, वैतागली. "आई, थँक्सगिव्हिंगपर्यंत याने खाल्लं नाही ना, तर मी याला प्राणी सांभाळणाऱ्या रेस्क्यूवाल्यांकडे देऊन टाकणार. इथे मेला तर इशाला काय तोंड दाखवू?" इशाला हे कळलं आणि ती फोनवर रडायलाच लागली. "आजी, प्लीज, डोन्ट लेट हर." काकूंनी त्या दिवशी स्वतः जेवण टाकलं. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं. मी लगेच गाडी काढली.

पेट शॉपचा मालक मार्क म्हणून एक दाढीवाला आजोबा होता. काकूंनी त्याला चिमट्यापासून सगळी हकिगत अभिनयासकट सांगितली. तो गंभीरपणे म्हणाला, "मॅम, यू आर स्केअरिंग हिम." साप जिथे सगळ्यात जाड, साधारण तेवढाच जाड उंदीर. आठवड्यातून एकदा. पेटीत ठेवायचा, दिवा मंद करायचा आणि खोलीबाहेर जायचं.

"वाढायचं आणि निघून जायचं?" काकू मला मराठीत म्हणाल्या. "ही काय जेवू घालायची रीत झाली?"

पण ऐकलं. घरी येऊन त्यांनी पायजम्याची नाडी बिस्किटच्या पोटाभोवती धरून माप घेतलं, तिला गाठ मारली आणि पुन्हा दुकानात जाऊन एकेका उंदराला ती गुंडाळून पाहिली. मार्क हसून हसून काउंटरवर आडवा! मापात बसला तो बारकासा, इशाने ठेवलेल्यांसारखाच.

संध्याकाळी उंदीर पेटीत ठेवला, दिवा मंद केला. आम्ही दोघी जिन्यात बसलो. काकूंची तगमग बघवत नव्हती. सारख्या उठायच्या, मी सारखी पदर धरून खाली बसवायचे. "एकटा जेवतोय गं बिचारा. काही हवं-नको विचारायला कुणी नाही." बऱ्याच वेळाने आत डोकावलो. बिस्किटच्या तोंडातून नुसतं शेपूट लोंबत होतं. एरवी मी किंचाळले असते. पण शेजारी या बाईच्या, जन्मात अंडंही न खाल्लेल्या बाईच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जेवला गं माझा सोन्या!" आणि मीही रडायला लागले, कशासाठी ते देव जाणे.

बिस्किट राहिला. थँक्सगिव्हिंगला इशा आली, काकूंनी भोपळ्याचे घारगे केले होते. एक घारगा खाऊन इशा म्हणाली, "आय ॲम फुल, आजी." टेबलाभोवतीचे आम्ही सगळे आता आग्रह सुरू होणार म्हणून सावरून बसलो. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

कुणाचाच हात पुढे चालेना. इशाचा चेहरा उतरला. "इज आजी मॅड ॲट मी?" ती प्लेट घेऊन आत गेली. मी भोचक, मीही मागोमाग. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या.

"अगं, जवळ उभं राहिलं की जेवत नाहीत," त्या पुटपुटल्या.

"आजी, तो साप आहे," इशा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी नाही. मला आग्रह कर ना."

"मग आधी बोलायचं नाही का, गधडे!" काकूंनी तिला एका हाताने पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने प्लेटमध्ये घारग्यांची चळत रचली, वर तुपाची धार. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू काय बघत उभी आहेस? ताट आण."