पडद्याकडे पाठ करून

आमच्या थिएटरातल्या बॅटरीकाकांनी चौतीस वर्षांत हजारभर सिनेमे दाखवले आणि धड एकही पाहिला नाही. अंधारात लोकांना जागेवर बसवायचं हे त्यांचं काम. ते आटोपलं की बाजूच्या दाराशी, पडद्याकडे पाठ करून, ते प्रेक्षकांचे चेहरे बघत उभे राहायचे. सिनेमा तिथं जास्त स्पष्ट दिसतो, असं त्यांचं म्हणणं. समीक्षकांना ही सोय नसते.

पहिला खेळ सुटला की मालक ऑफिसच्या दारातून नुसती मान उडवायचे. काका बोटं दाखवायचे. जितकी बोटं तितके आठवडे सिनेमा ठेवायचा. पद्धत साधी होती: ऐन प्रसंगाला किती जण लघवीला उठतात, ते मोजायचं.

पहिला सुपरहिरो आला तेव्हा काकांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली होती. त्या दिवसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून बदलतो. "तो गच्चीवरून खाली पडला ना, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये चावणं थांबलं हो! एका बाईनं नवरा समजून शेजारच्याचा हात धरला. सुटल्यावर पोरं जिना उतरेचनात, उड्या मारायला लागली. दोघांचे पाय मोडले." मोडलेले पाय ते आजही यशाचा पुरावा म्हणून सांगतात.

त्या गर्दीत शेवटच्या रांगेत मालकांची सात वर्षांची मुलगीही होती. पुढे मालक गेले आणि ऑफिसची खुर्ची तिच्याकडे आली. काका तिला ताई म्हणू लागले. आता ती मान उडवायची, ते बोटं दाखवायचे. सुपरहिरो मात्र येतच राहिले. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा, मग दहाही एकाच सिनेमात, एकमेकांच्या पायात पाय घालत. बोटं कमी होत गेली.

गेल्या शुक्रवारची गोष्ट वेगळी होती. एक व्यापारी हॉल गोदामासाठी मागत होता. ताईंनी सकाळीच काकांना सांगून टाकलं, "आजचा नवा सिनेमा तीन आठवडे चालला तर त्याला नाही म्हणते. नाही तर सोमवारी सही."

पहिला खेळ सुटला. ताईंनी मान उडवली. काकांनी तीन बोटं दाखवली.

ताई खुर्चीतून उठल्या. "काका, हिरो मेला तेव्हा लोक काय करत होते?"

काकांनी हात खाली घेतला. खोटी बोटं दाखवणं एक वेळ जमतं. खोटे चेहरे सांगणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"पॉपकॉर्न खात होते."

"उठले किती?"

"बावीस."

"आणि होते किती?"

"एकतीस."

"अहो, तो मरत असताना?"

"मरतो कुठं, ताई? पुढच्या भागात येणार हे सगळ्यांना ठाऊक. माझ्या सासऱ्यांसारखं झालंय. दर वर्षी शेवटची घटका म्हणून सगळ्यांना बोलावून घ्यायचे. तिसऱ्या वर्षापासून आम्ही जेवूनखाऊन निवांत जायला लागलो."

"आणि खरेच गेले तेव्हा?"

"तेव्हा वेळेवर कुणी पोचलंच नाही." काकांनी उसासा टाकला. "पूर्वीचा हिरो उडायचा, पण त्याचा बूट फाटका असायचा. पोरीशी बोलताना घाम फुटायचा त्याला. आता अख्खं शहर कोसळतं, आणि आधीचे सात सिनेमे पाहिले नसतील तर कोण कुणाचा काका तेच कळत नाही. लोक सिनेमाला आलेत की परीक्षेला?"

"मग तीन बोटं कशाला दाखवलीत?"

"ती सिनेमाची नव्हती. माझी होती."

ताई पुन्हा खुर्चीत बसल्या. "बाबांना कधी दाखवली होतीत अशी?"

"छे. त्यांनी विश्वास ठेवला असता."

सोमवारी सही होणार, हे दोघांनाही कळलं. तीनच्या खेळाची वेळ होत आली होती.

त्या खेळाला एकोणीस माणसं आली. हॉल सातशेचा, कुणी कुठंही बसलं असतं तरी चाललं असतं. पण काकांनी प्रत्येकाचं तिकीट हातात घेतलं, रांग शोधली, नंबर पाहिला आणि एकेकाला नेऊन बसवलं.

"अहो काका, सगळं रिकामंच आहे की," एक जण वैतागून म्हणाला.

"असेल," काका म्हणाले. "तुमची जागा ही आहे."