अनसूयावहिनीचं एकटं मत

फोन पुतण्याचा होता. "आत्याबाई, आई गेली..." एवढंच बोलला. मी नागपुरात. शेवटचं तोंड पाहणं जमलं नाही. खरं म्हणजे जमवलं असतं तर जमलं असतं... वहिनीच्या बाबतीत मी नेहमीच उशिरा पोहोचले.

रामाकोन्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या किसनदादाशी लग्न होऊन अनसूयावहिनी आली, तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं. घरी कपाशी, संत्र्याचा बगीचा, आणि बाबांचा शब्द शेवटचा. पहिल्या निवडणुकीची यादी करायला मास्तर आले, तेव्हा घरच्या बाईचं नाव परक्याला कशाला सांगायचं म्हणून बाबांनी 'किसनची बायको' एवढंच लिहायला लावलं. तशी नावं पुढे यादीतून कटली. मतदानाच्या दिवशी वहिनी नवं लुगडं नेसून शाळेत गेली आणि तशीच परत आली. "माह्यं नावच नाही म्हणते," म्हणाली आणि चुलीपुढे बसली. पुढच्या खेपेला यादीवाला आला तेव्हा बाबा शेतात होते. तिनं दारात उभं राहून आपलं पूर्ण नाव स्वतः सांगितलं.

मधल्या काळात राज्यांची फेररचना झाली. तोवर आमच्याच राज्यात असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. ज्या नागपूरला आमची संत्री जायची, मुली दिल्या जायच्या, ते परकं झालं, आणि नवी राजधानी भोपाळ तर गावात कुणी पाहिलेलंही नव्हतं. चीड खरी होती. देवळापुढे गाव जमलं आणि ठरलं, एकही माणूस मत टाकणार नाही. पहिली शपथ बाबांनी घेतली. आमच्या बाजूनं बोलणारा एक उमेदवार उभा होता, त्यालाही नाही. मतदानाची शाळा रिकामी पाहूनच सरकारला अक्कल येईल, असं सगळ्यांना वाटत होतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी वहिनी निघाली. दादा दारात आडवा झाला. "कुठं जाऊन राहिली?"

"मत टाकाले."

"गावानं शपथ घेतली ना!"

"मले कोणी इचारलं होतं? पह्यल्या बारीले नाव लिहू देलं नाही. आता नाव हाय, तं जाऊ नको म्हणता."

ती गेली. परतली ती बोटाला शाई लावून. ती लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळपर्यंत निर्णय झाला. घर वाळीत पडू नये म्हणून बाबांनी तिलाच बाहेर काढलं. मागच्या गोठ्यालगतच्या खोलीत तिची चूल वेगळी मांडली. विहिरीवर बायका तिला पाहून घागरी उचलत. दादा आमच्यात जेवायचा, मान खाली घालून. आठ दिवसांत माझी पांढुर्ण्याकडची ठरलेली सोयरीक मोडली. सरकारला मत देणाऱ्या घरची पोर नको, असा निरोप आला. मी गोठ्यात जाऊन तिला म्हटलं, "माह्यं वाटोळं केलं तुम्ही." तिला तेव्हा सातवा महिना होता.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मोजणी झाली तेव्हा आमच्या गावच्या पेट्यांत एकच चिठ्ठी निघाली, आणि ती निघाली आमच्या बाजूनं बोलणाऱ्या त्या उमेदवाराच्या पेटीत. गावात मत टाकणारी ती एकटीच असल्यानं तिचं मत गुप्त राहिलंच नाही. मी धावत गेले. "वहिनी, सांगितलं काऊन नाही?"

"मत कोणाले सांगाचं नसते म्हणे," ती म्हणाली. "अन् सांगून तुमी मानलं असतं?"

मला वाटलं, आता गाव तिला घरात घेईल. पण देवळापुढचे म्हातारे म्हणाले, "कोणाले टाकलं हा सवाल नाही. टाकलं काऊन, हा सवाल हाय." बाबा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणून आम्ही सगळेच बसलो.

ती बाळंत झाली तेव्हा सुईण आली नाही. भर दुपार होती. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मी उठले, मागच्या दारापर्यंत गेले... आणि बाबा ओट्यावर बसलेले पाहून परत फिरले. मुलगी झाली. तीन दिवस जगली. चौथ्या दिवशी बाबा स्वतः गोठ्यात गेले आणि म्हणाले, "चाल बाई, घरात." ती आली. पदर डोक्यावर घेऊन. पुढे मुलगा झाला, बाबांचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं. माझं लग्न नागपुरात झालं, तेव्हा मला हळदही तिनंच लावली. त्या दुपारीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी बोलायला हवं होतं.

मात्र त्यानंतर आयुष्यभर ती गावच्या एकाही पंगतीत बसली नाही. लग्न असो, बारसं असो, कामाला सर्वांत आधी हजर, पानं मांडली की म्हणायची, "मी जेवून आली." कुणी आग्रह करत नसे. तेराव्याला मी गावी गेले. तिच्या अंगणात सगळं गाव पंगतीला बसलं होतं, त्या म्हाताऱ्यांची नातवंडं, पतवंडंही. पुतण्यानं माझ्यापुढे पान मांडलं. मी हात आडवा केला.

"काऊन आत्याबाई?"

"मी जेवून आली," मी म्हटलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.